मेस्तची चाल

“रजा? आणि ती आज?” सिनेमाच्या तंबूची दोरी ताणता ताणता आत्मारामशेठ थांबले. “मेस्त, आज नवं चित्र लागतंय. देवरुखाकडनं माणसं गाड्या जुंपून निघाली असतील. न् तुम्ही पणजीच्या बोटीत बसणार?”

“उद्यां नाताळ, शेठ.”

“तो गेल्या वर्षी पण होता. राहिलात ना?”

कायतान मेस्तनं हातातली ट्रंक खाली ठेवली. गेल्या वर्षीही त्यानं असंच विचारलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही. या खेपेला मात्र तो पत्र्याची ट्रंक भरून, उजाडता उजाडता थेट तंबूवर आला होता. रोज दाढी करूनच घराबाहेर पडणारा, कोटाची गुंडी कधी उघडी न टाकणारा हा माणूस. दुसऱ्यांदा विनवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं ट्रंक उचलली आणि आला तसा माघारी वळला. वाटेत असतानाच बंदरातून बोटीचा भोंगा ऐकू आला. त्यानं मान वळवली नाही.

आपल्या गावी, बार्देशात, कायतान हा मोठा माणूस होता. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या शाळेत पोरांना गाणं आणि व्हायोलिन शिकवायचा म्हणून सारा गाव त्याला ‘मेस्त’ म्हणे. नव्या पाद्रीनं शाळा बंद केली, तेव्हा व्हायोलिन काखोटीला मारून त्यानं गोव्याची हद्द ओलांडली आणि इंग्रजांच्या मुलखात, रत्नागिरीत आला. इथं आत्मारामशेठच्या तंबूत मुकी चित्रं दाखवत. पडद्याखालच्या अंधारात बसून कायताननं वाजवायचं. घोडा दौडला की जलद, नायिका रडली की संथ. जोडीला तबल्यावर धाकू गुरव. तंबू उघडायचा दिवाळीला आणि मिटायचा पावसाच्या तोंडावर. त्यामुळे कायतान घरी जायचा तो ऐन पावसात, बोटी बंद असताना, सावंतवाडीवरून, चिखल तुडवत. चार वर्षांत त्यानं गावचा पाऊस पाहिला होता. नाताळ पाहिला नव्हता.

“गेला नाय काय तुम्ही?” खोलीची मालकीण येसूबाई अंगण सारवत होती. ट्रंक बघून तिनं हात थांबवला. “न् तोंड असं काय केलंत? आज तुमचा सण ना?”

“रात्री. बारा वाजतां.”

थोड्या वेळानं तिनं गरम घावन आणि नारळाचा रस त्याच्या पायरीवर आणून ठेवला. “तुमच्या हातचं आमच्यात चालत नाय. माझ्या हातचं तुम्हाला चालतं, मग खावा. काय काय करता हो सणाला?”

एवढं चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. कायतान सांगू लागला आणि सांगतच राहिला. बायको, इझाबेल, आज दिवसभर तांब्याच्या भांड्यात नारळ-गुळाचं दोदोल घोटत असेल. आळीतल्या बायका पाळीपाळीनं हात द्यायला येतील. बाळ येशूच्या गोठ्याच्या देखाव्यात पेरलेली नाचणी वीतभर हिरवी झाली असेल. दारोदार कागदाचे तारे लागतील, जाळीदार रुमालाखाली फराळाची ताटं या घरून त्या घरी जातील. रात्री लोक दिवट्या घेऊन शेतांतून देवळाकडे चालू लागतील. आणि मग बाळाच्या मूर्तीवरचं वस्त्र दूर करायची घटका आली, की देवळातल्या वरच्या माडीवरून त्याच्या बापानं बांधलेली चाल वाजेल. ती दुसऱ्या कुठल्या गावात नाही. कागदावरही नाही. बापामागे ती कायतान वाजवत असे, आता त्यानं शिकवलेली पोरं वाजवतात.

“बाळ जन्मतं तेव्हाची चाल म्हणा की,” येसूबाई म्हणाली. “आमच्या गोकुळाष्टमीसारखंच. आज तुमच्या तंबूत पण तेच हाय, बघा. किसनदेवाचा जन्म. मी येतंय.”

संध्याकाळी तंबू शिगोशीग भरला. पुढं चटयांवर बायका, मागं बाकांवर पुरुष, पोरांचा कालवा, विड्यांचा धूर. कंसानं तलवार उपसली तेव्हा कायताननं नेहमीची गत वाजवली आणि लोकांनी कंसाला शिव्या हासडल्या. मग पडद्यावर तुरुंग आला. साखळदंड. भिंतीशी टेकलेली देवकी.

इथं काय वाजवायचं ते दुपारीच ठरलं होतं. दर चित्रात देव प्रकटला की वाजवायची तीच ठरीव गत. धाकूनं तबल्यावर ठेका धरला. कायताननं गज उचलला, पण तो तारेवर टेकेना.

देवकीच्या कुशीत ते एवढंसं पोर होतं. उघडं, मुठी वळलेलं, कुणातरी गरिबाघरून चित्रासाठी आणलेलं. ते खरोखरच रडत होतं आणि त्याचं रडणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

हे पाप होईल काय? कायतानच्या मनात आलं. बापानं ही चाल जेजूसाठी बांधली, आपल्या देवळासाठी. पण जेजूही असाच बाळ होता आणि त्यालाही मारायला एक राजा टपला होता. त्याच्या आईलाही त्या रात्री घर मिळालं नव्हतं.

त्यानं हनुवटी व्हायोलिनवर टेकवली आणि वाजवायला लागला.

पहिल्याच सुरांना धाकूचा हात थांबला. मागच्या बाकांवरचं बोलणं विरलं. चाल काही अवघड नव्हती. जरा वर चढायची, थबकायची, मग झोपलेल्याला जाग येऊ नये अशी हळूच खाली उतरायची. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदर सावरून हात जोडले. येसूबाईचा हात तिच्या नकळत हवेत पुढं-मागं होऊ लागला, पाळण्याची दोरी धरल्यासारखा. शेजारच्या बाईचा झाला, मग तिच्या पलीकडचीचा. कायतानचे डोळे मिटलेले होते. गावच्या माडीवर तो ज्या दिमाखानं उभा राहत असे, तसाच तो आता उभा होता. वाजवताना आपण केव्हा उठलो, ते त्याला कळलंही नव्हतं.

खेळ सुटल्यावर आत्मारामशेठ धावतच आले. “मेस्त, कुठं दडवलीत ही चाल इतके दिवस? बायका डोळे पुसत गेल्या! आता महिनाभर हे चित्र हलवत नाय. रोज हीच वाजवायची.”

“ती नाय, शेठ.”

“नाय म्हणजे?”

“ती आमच्या गावची. वर्सातून एकदांच वाजते. आज वाजली.”

“अहो, लोक उद्या तीच ऐकायला येणार!”

“येऊं देत. दुसरी वाजवीन. चांगली वाजवीन.”

शेठचा चेहरा उतरला, मग तापला. “मी दुसरा फिडलवाला बघीन हां!”

“बघा,” कायतान शांतपणे म्हणाला. “पण ही चाल त्याला येवची नाय.”

शेठ धाकूकडे वळले. “तू तरी सांग रे याला!”

धाकू तबल्यावर खोळ चढवत होता. “मी काय सांगू? आमच्या देवळात पालखीचा ढोल हाय. तो मी तुमच्या तंबूत आणीन काय?”

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या संध्याकाळी, तंबूत उभं राहायलाही जागा उरली नाही. कायतान वेळेवर आला. ताजी दाढी, अंगात काळा कोट. त्याच्या जागी कुणी बसलेलं नव्हतं. कंसाच्या तलवारीला त्यानं असं काही वाजवलं, की पोरं उठून उभी राहिली. मग पडद्यावर तुरुंग आला आणि सगळ्या माना पडद्याऐवजी खाली, त्याच्याकडे वळल्या. कनातीशी उभे असलेले शेठही त्याच्याकडेच बघत होते.

दुसरी वाजवीन म्हणाला होता खरा, पण या बाळाला आता दुसरी कुठलीच चाल लागू होईना. कायताननं व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं आणि गज त्याच्या शेजारी. ताठ बसून तो त्या मुक्या बाळाकडे बघत राहिला. तंबूत कुणी हूं की चूं केलं नाही. शेजारी धाकूनं नुसत्या बोटांनी, कुणाला ऐकू जाईल न जाईल असा, ठेका धरला.