शकूने सांगितलेला आकडा

समजा, तुम्ही एका मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसला आहात. साइडकार म्हणजे मोटरसायकलच्या कुशीला जोडलेली, एकाच चाकाची, होडीसारखी बैठक. समोर हावड्याचा पूल आहे. पुलावर जाणारा चढ काही फार उभा नाही, पण पुढे तागाच्या गासड्यांनी लादलेली बैलगाडी चालली आहे, एका बाजूला ट्राम, दुसऱ्या बाजूला हातगाड्या. बैलांच्या चालीनेच चढायचं. आणि नेमकी तिथेच तुमची मोटरसायकल दोन आचके देते आणि गप्प होते. मागची बस भोंगा वाजवू लागते. कसं वाटेल तुम्हाला?

दहा वर्षांच्या शकूला हे रोज सोसावं लागे.

स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झाली होती. शकूचे वडील दिगंबर रेल्वेत आराखडे काढत. घर हावड्याला रेल्वेच्या वसाहतीत, आणि शकूची शाळा नदीपलीकडे कलकत्त्यात. पाच वर्षांची असताना आलेल्या तापाने तिचा डावा पाय लुळा पडला होता. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती चाले, पण ट्रामच्या गर्दीत तिचा निभाव लागत नसे. म्हणून बाबा तिला साइडकारमधून शाळेत सोडत. चढावर इंजिन बंद पडलं की ते खाली उतरून गाडी ढकलत आणि शाळेत पोचायला हमखास उशीर होई. शेवटी मोठ्या बाईंची चिठ्ठी आली. सोमवारपासून साडेदहाच्या घंटेनंतर फाटक उघडणार नाही. जमत नसेल तर मुलीने घरीच अभ्यास करून परीक्षेला बसावे.

शकूने ती चिठ्ठी चार वेळा वाचली. घरी अभ्यास म्हणजे दिवसभर खिडकी आणि ती.

रविवारी सकाळीच बाबा गाडी घेऊन निरोद मिस्त्रीकडे गेले. शकूही बरोबर होती. निरोद मिस्त्री बंगालीत बोले आणि थट्टा केल्याशिवाय कुणाला सोडत नसे.

"या दिगंबरबाबू! आज आपण गाडीवर बसून आलात की गाडी आपल्यावर?"

त्याने इंजिन उघडलं आणि आतून एक वीतभर लांबीचा दांडा काढला. "हा बघा तुमचा चोर. कॅमशाफ्ट पार झिजलाय."

कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे फुगवटे असतात. दांडा फिरला की फुगवटा एका सळईला ढकलतो आणि सळई इंजिनाची झडप उघडते. फुगवटा पुढे सरकला की झडप मिटते. पेट्रोलची वाफ इंजिनात केव्हा शिरणार आणि किती शिरणार, हे त्या फुगवट्यावर ठरतं.

मिस्त्रीने फळीवरून दुसरा कॅमशाफ्ट काढला. बाबांच्या गाडीसारख्याच एका लष्करी मोटरसायकलमधून निघालेला, काळपट, पण न झिजलेला. बाबांनी मात्र पिशवीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेली वस्तू बाहेर काढली. आरशासारखा चकचकीत कॅमशाफ्ट होता तो, फुगवटे चांगले उंच आणि रुंद. शर्यतीच्या गाडीचा. बाबांचे मित्र जयप्रकाश यांनी तो विलायतेहून पाठवला होता. तेव्हा बाबांच्या गाडीला साइडकार नव्हती. मग शकूला ताप आला, गाडीला साइडकार लागली आणि तो दांडा कपाटात गेला. वर्षातून एकदा बाबा त्याला तेल लावून पुन्हा गुंडाळून ठेवत. शकू ते पाहत असे.

"हा बसव," बाबा म्हणाले. "फुगवटा मोठा, म्हणजे वाफ जास्त, म्हणजे जोर जास्त."

"जोर जास्त, पण कुठे?" मिस्त्री हसला आणि शकूकडे वळला. तिला तो खुकू म्हणे, म्हणजे छोकरी. "खुकू, तू सियालदह स्टेशनवर गेलीयेस ना? गाडी लागली की लोक कसे डब्यात घुसतात?"

"पळत. ढकलत."

"बरोबर. दार थोडं उशिरा लावलं तर त्या रेट्यात आणखी चार जण आत येतात. इंजिन भरधाव असलं की वाफेचंही तसंच होतं. उशिरा मिटणारी झडप तिथे फायद्याची. पण लोक रमतगमत येत असतील आणि दार उघडंच राहिलं, तर?"

शकूने विचार केला. "आत आलेले परत बाहेर जातील."

"जातील नव्हे, ढकलले जातील. पिचकारीच्या दट्ट्यासारखा पिस्टन खालून वर येतो आणि वाफेला दाराबाहेर घालवतो. मग इंजिनाला खायला काय उरलं? बैलांच्या चालीनं चढ चढायचा तर झडप लवकर मिटायला हवी."

"मोजून बघू," बाबा म्हणाले. मोजल्याशिवाय ते काहीच मानत नसत. "पिस्टन तळाला गेल्यानंतर साठ अंशांच्या आत झडप मिटली, तर माझा दांडा बसवायचा. साठाच्या पुढे गेली तर तुझा."

"मंजूर."

चकचकीत दांडा इंजिनात गेला. बाबांनी पुठ्ठ्याचं गोल कापून त्यावर अंश आखले आणि ते इंजिनाच्या डाव्या बाजूला, पिस्टनला वरखाली करणाऱ्या मुख्य दांड्याच्या टोकाला बसवलं. शेजारी तारेचा काटा लावला, पिस्टन तळाला असताना शून्य दाखवेल असा. मागचं चाक विटांवर उचललेलं होतं. ते हाताने फिरवायचं काम बाबांचं. मिस्त्री उजव्या बाजूला सळई बोटांत धरून बसला. झडप मिटली की सळई सैल होते आणि बोटांत फिरू लागते. आणि साइडकारमधून वाकून आकडा वाचायचा, ते काम शकूचं. तो पुठ्ठा तिच्याखेरीज कुणालाच दिसत नव्हता.

बाबा चाक हळूहळू फिरवू लागले. पुठ्ठा सरकला. चाळीस. पन्नास. साठ. सळई अजून घट्टच होती. सत्तर.

"झालं! सैल झाली," मिस्त्री ओरडला.

काटा अठ्ठ्याहत्तरवर होता.

शकूने वर पाहिलं. बाबा चाक धरून उकिडवे बसले होते, चष्मा नाकावर घसरलेला, आणि निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखे तिच्याकडे बघत होते. तिच्यासाठी त्यांनी दिल्लीची बढती नाकारली होती. गच्चीवरची हवेशीर खोली सोडून तळमजल्यावर बिऱ्हाड केलं होतं. आता हेही सोडायचं?

"किती, शकू?"

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

मिस्त्रीने भुवया उंचावल्या. मग खांदे उडवले. "आकड्याशी भांडण नाही. बसवतो."

दुपारी गाडी सुरू झाली, आणि काय आवाज होता तिचा! हावडा स्टेशनासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर ती अशी सुटली की शकूची रिबन उडाली. बाबा मोठ्याने हसत होते. त्यांना असं हसताना शकूने कधी पाहिलं नव्हतं. आपण खोटं बोललो ते बरंच झालं, असं तिला वाटलं.

मग पुलाचा चढ आला. पुढे बैलगाडी होती. बाबांनी वेग कमी केला, आणखी कमी केला. इंजिन ठसकू लागलं, गाडी थरथरली आणि बंद पडली. बाबांनी किक मारली. चार हात पुढे जाऊन पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर जागची हललीच नाही.

गाडीवानाने मागे वळून पाहिलं. "बाबू, एक बैल देऊ का जोडून?"

बाबांनी गाडी कडेला घेतली आणि कपाळावरचा घाम पुसला. "जुन्या दांड्यानंसुद्धा इतकी वाईट चालत नव्हती. अठ्ठावन्नला असं होणार नाही." त्यांनी पेट्रोलचा नळ बंद केला. "निरोदचं बोट चुकलं. सळई सैल व्हायच्या आधीच ओरडला असणार. उद्या तुझं फाटक बंद होईल ते याच्यामुळे. आता पुन्हा त्याच्या दारात जायचं नाही."

मिस्त्रीची बोटं शकूच्या डोळ्यांसमोर आली, काळी, तेलकट, सळईवर अलगद टेकलेली.

"बाबा, त्याचं बोट चुकलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर होता आकडा. मी खोटं सांगितलं."

ट्राम खडखडत निघून गेली. बाबा तिच्याकडे वळले. "का गं?"

"तुम्ही तो इतकी वर्षं जपून ठेवला होता."

बाबा साइडकारच्या कडेवर टेकले. रागावले की काय, ते तिला कळेना.

"जपला, कारण फेकवत नव्हता," ते म्हणाले. "त्याला तेल लावताना मला बरं वाटायचं, एवढंच. मोटरसायकल मी तुला शाळेत न्यायला ठेवलीय, शकू. आकडा खरा सांगितला असतास तर मला पाच मिनिटं वाईट वाटलं असतं. तेवढं वाईट वाटू द्यायचं मला." त्यांनी घड्याळ पाहिलं. "अडीच वाजलेत. निरोदनं मनावर घेतलं तर संध्याकाळपर्यंत दुसरा दांडा बसेल. तू बस इथेच, मी गाडी वळवून ढकलत नेतो. त्याला काय ते मी सांगेन."

"नको, मी सांगते," शकू म्हणाली.

तिने साइडकारच्या कडेला धरून आधी उजवा पाय खाली ठेवला, मग हाताने उचलून डावा. लोखंडी पट्ट्या खणकल्या. बाबा गाडी वळवत होते, तोवर ती पुढे निघाली. हातगाड्यांच्या कडेकडेने, मिस्त्रीला बंगालीत काय आणि कसं सांगायचं ते पुटपुटत, उतारावरून एकेक पाऊल टाकत ती त्याच्या गल्लीकडे चालू लागली.