दगड किती लांब जातो

बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. अंतर म्हटलं की त्यांचे कान टवकारलेच. पक्षाघात झाल्यापासून मात्र सहा महिने ते काठी टेकत खुर्ची ते पलंग एवढंच चालत होते. उजवा हात वापरला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण व्यायामाचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करायचे, आणि लेकीचा जीव तीळतीळ तुटायचा.

लेक शाळकरी मुलांसाठी इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक लिहीत होती. आज अंतराचं प्रकरण. 'कावळा उडेल तसं' म्हणजे वळणं सोडून सरळ रेषेत, हे बाबांना बेहद्द पटलं. 'जास्तीचा मैल चालणं' म्हणजे मागितल्याहून जास्त करणं, हे बायबलमधून आलंय. कुणी सक्तीने एक मैल नेलं तर आपण दोन जावं. हे ऐकून तर ते खुर्चीत चक्क सरसावून बसले. तिलाही हुरूप आला.

"'दगडफेकीचं अंतर' म्हणजे अगदी जवळ," तिने वाचलं. "आपण हाकेच्या अंतरावर म्हणतो ना, तसं. फेकलेला दगड जाईल तेवढं. साधारण पन्नास मीटर."

"पन्नास कुणी मोजले?"

"अंदाजे लिहिलंय, बाबा."

"अंदाजे? माझ्या घरात?"

पाच मिनिटांत दोघं इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात. बाबा काठी टेकत पुढे, ती टेप घेऊन मागे. तिला हसू आवरेना. तिने होता नव्हता तेवढा जोर लावून दगड भिरकावला. सव्वीस मीटर.

"लिहू?"

"एकट्याचं माप आम्ही कधी कागदावर चढवलं नाही. दुसऱ्याने ताडून पाहायचं असतं."

"मग फेका. इथे दुसरं आहे कोण?"

बाबा चपापले. स्वतःच्याच नियमात पुरते अडकले होते. त्यांनी गुपचूप काठी बगलेत धरून डावा हात पुढे केला.

"उजव्याने. मीही उजव्यानेच फेकला."

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि उजवा तळवा उघडला. तिने त्यावर दगड ठेवला. बोटं मिटेनात, ती तिने मिटली. हात कमरेपर्यंत आला, थरथरला, छातीपर्यंत चढला. दगड सुटला.

ती टेप घेऊन धावली. "दोन मीटर दहा, बाबा."

बाबा घामाघूम झाले होते, पण डोळे लकाकत होते.

"हा आकडा पुस्तकात घालू नकोस," ते धापा टाकत म्हणाले. "उद्या बदलणार आहे."