तपकिरी पाणी

वाचनालयाच्या हॉलमध्ये बसायला खुर्ची उरली नव्हती. बल्गेरियाच्या त्या डोंगरी गावात नाटकालासुद्धा कधी एवढी गर्दी झाली नसेल. मंचावर पाण्याचा टब, टबात एका म्हातारीचे पाय आणि शेजारी पांढरा कोट चढवलेले ल्युबेनकाका. त्यांनी टबाला जोडलेल्या मशीनचं बटण दाबलं. पाणी बघता बघता पिवळं झालं, मग तपकिरी, मग वर काळपट फेस आला.

"बघा, बघा! यकृतातलं विष! डॉक्टरांना मशीन लावून दिसत नाही, इथे साध्या डोळ्यांनी दिसतंय!"

लोकांनी छातीवर बोटांनी क्रूस काढले. स्पासनेही काढला. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस एरवी कुणावर पटकन विश्वास टाकत नसे. पण त्याची बायको डोब्रिंका, तिच्या स्तनाचा कॅन्सर आता हाडांत उतरला होता. शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बरं करणं आता शक्य नाही. पण दुखणं, उलट्या, झोप, यांसाठी खूप काही करता येईल." स्पासला त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं होतं.

नेव्हेना नावाची नर्स घरी येई. डोब्रिंकाच्या खांद्यावर वेदनाशामक पट्टी लावी, तोंडातले फोड बघे, पाठीखाली उशी कशी सरकवायची ते स्पासला शिकवी. तिच्या येण्याने डोब्रिंकाला बरं वाटे. पण स्पासला 'बरं वाटणं' नको होतं, 'बरं होणं' हवं होतं. ते ल्युबेनकाका देत होते.

"आतलं विष काढायचं आणि वरून विष चिकटवायचं?" पट्टी बघून काका हसले होते. "एका हाताने पाणी उपसता आणि दुसऱ्याने ओतता होय? आधी ती पट्टी काढा."

स्पासने पट्टी काढली. डोब्रिंकाला दरदरून घाम सुटला, हुडहुडी भरली, पोट बिघडलं. ती उशीत तोंड खुपसून ओरडायची. काका म्हणाले, "उत्तम! विष निघतंय." स्पासही तिच्या उशाशी बसून तेच म्हणत राहिला. नेव्हेना आली तर त्याने दार उघडलं नाही.

आज त्या म्हातारीनंतर डोब्रिंकाची पाळी होती. स्पासने तिला उचलूनच मंचावर नेलं. काका गर्दीकडे तोंड करून बोलत सुटले होते. बोलता बोलता त्यांनी मागच्या मागे बटण दाबलं. पाणी तपकिरी झालं.

"हा हाडांतला कॅन्सर! काय ताई, पाय हलके झाले ना?"

"झाले असतील," डोब्रिंका म्हणाली. "अजून मोजेसुद्धा काढले नाहीत मी. पायच उचलत नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काका सावरले. "शक्ती हवेतूनही खेचते हो!"

"मग हवेतच लावून बघू की," मागून आवाज आला. डोब्रिंकाला शोधत आलेली नेव्हेना पुढे आली. तिने प्लग काढला, टब ओतून दिला, नवं पाणी, नवं मीठ टाकलं आणि डोब्रिंकाची खुर्ची लांब सरकवली. पुन्हा बटण. पुन्हा तपकिरी पाणी. मग वीज बंद करून तिने पाण्यात बुडालेल्या मशीनच्या लोखंडी पट्ट्या वर काढल्या. त्यांच्या कडा खाल्लेल्या होत्या.

"मिठाचं पाणी, लोखंड आणि वीज. हा गंज आहे. कुणाच्याही अंगातून आलेला नाही. आणि ताईंना घाम सुटला तो विष निघून नाही, औषध एकदम तोडल्यामुळे."

पुढच्या रांगेतली एक बाई मुलाच्या बुटांची नाडी सोडतच होती. मुलाच्या डोक्यावर एक केस नव्हता. "झालं असेल तर आम्हाला बसू द्या," ती म्हणाली.

"अहो, आत्ता पाहिलंत ना?"

"पाहिलं. मग तुम्ही बरा करा याला. करता?"

नेव्हेना डोब्रिंकाच्या खुर्चीकडे वळली.

घरी आल्यावर स्पासचा बांध फुटला. "कशाला बोललीस तू? एवढी एकच आशा होती!"

"आशा तुझी होती," डोब्रिंका म्हणाली. "दुखत मला होतं."

नेव्हेनाने डॉक्टरांना विचारून पुन्हा औषध सुरू केलं. हळूहळू डोब्रिंकाला झोप लागू लागली. ती दोन घास दही खायची, खिडकीशी बसून शेजारणीची टवाळी करायची. चेरी पिकायच्या आतच ती गेली.

ल्युबेनकाका पलीकडच्या खोऱ्यात गेले. तिथेही गर्दी जमली. स्पास त्या हॉलच्या दाराशी उभा राहू लागला. येईल त्याला सांगे, "पाय न बुडवता मशीन चालवायला सांगा, मग ठरवा. डोळ्यांना दिसलं म्हणजे खरं, असं नसतं. तपासून बघा. आणि आजार बरा होत नसला तरी दुखणं थांबवता येतं. ते औषध कुणाच्या सांगण्यावरून तोडू नका."

बायकोला हाताला धरून चाललेला एकजण थबकला. "तुमची बायको बरी झाली का त्या औषधाने?"

"नाही."

माणूस पुढे निघाला.

"पण शेवटी तिला दुखत नव्हतं हो," स्पास म्हणाला. तोवर दार लागलं होतं.