चार काचा आणि एक शिट्टी

हिशेब मांडायचाच तर भूकंपामुळे गोपीनाथ गुरुजींच्या पदरात रोजचे तीन तास पडणार होते. दीड जाण्याचे, दीड येण्याचे. डहाणू रोडहून सकाळची एसटी, सायवनच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं, तिथून पाड्यावरच्या एकखोली शाळेपर्यंत पायपीट, आणि संध्याकाळी तेच उलट. शिवाय दुपारी घरी पत्नी यमुनाबाईंच्या हातचं गरम जेवण आणि त्यावर घटकाभर झोप. नोकरीची तीनच वर्षं उरलेली. ती डहाणूत काढायला मिळणं आता फळ्याखालच्या एका भेगेवर अवलंबून होतं. तिनं केसभर रुंदावायचं, एवढीच अट.

ही वाट शैलेश इंजिनिअरनं दाखवली. धुंदलवाडीकडे धक्के सुरू झाल्यावर तो शाळा तपासायला आला होता. त्यानं भेगेवर आडव्या चार काचेच्या पट्ट्या ठेवल्या, दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला चिकटवली आणि खाली तारीख लिहिली.

"काच ताणली जात नाही, सर. भिंत सरकली की सरळ तुटते. तुटल्या तर समजायचं भेग वाढतेय. मग इमारत बंद."

"आणि शिक्षक?" गुरुजींनी अगदी सहज विचारलं.

"घेतात तालुक्याला कुठंतरी," शैलेश बॅग आवरत म्हणाला.

त्या 'कुठंतरी'वर गुरुजींनी तीन महिने काढले. सकाळी हजेरीआधी काचा बघायच्या. धक्के यायचे, पत्रे खडखडायचे, पोरं मैदानात पळायची, आणि काचा मात्र जावयासारख्या जागच्या हलायच्या नाहीत.

"गुरुजी, काच काय म्हणते?" खिचडी शिजवणारी जानी रोज विचारायची. तिचं घर शाळेला लागूनच. गुरुजींच्या मनातलं तिनं कधीच ओळखलेलं होतं, पण बोलून दाखवत नव्हती. नुसती विचारायची.

एकदा तिनं वेगळंच विचारलं. "ही धरती हलते तरी कशाला?"

गुरुजी खुलले. अठ्ठावीस वर्षं शिकवलेला धडा. "धरतीची वरची साल अखंड नाही, जानीबाय. तिचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते सरकतात. आपला भारताचा तुकडा वर्षाला जवळजवळ तीन बोटं उत्तरेला जातो आणि तिकडं आशियाच्या तुकड्याला रेटतो. त्या रेट्यानं हिमालय उभा राहिला. जगात काही ठिकाणी एक तुकडा दुसऱ्याखाली घुसतो. तिथं खोलवर खडक वितळतो, वर येतो, ज्वालामुखी होतात. मोठे भूकंपही जास्त करून अशा कडांवरच."

"मग आपण कडेला आहोत?"

"नाही ना! आपण मध्ये. पण तो रेटा आतपर्यंत पोचतो. आपल्या खाली जुन्या भेगा आहेत, त्या ताण साठवतात आणि कधीतरी सटकतात. आपल्याकडं एवढे धक्के का येतात, ते शास्त्रज्ञ अजून शोधतायत."

"म्हणजे भांडण तिकडं आणि तडा आमच्याकडं," जानी म्हणाली.

"हा तुमचा वाटायचा पाटासुद्धा एके काळचा लाव्हा आहे. हा सगळा काळा दगड तसाच."

"थंड झाला ते बरं. नाहीतर मिरची वाटता वाटताच भाजली असती."

शुक्रवार होता. जेवणाची सुट्टी. पोरं शेडमध्ये पंगतीला बसलेली. गुरुजी "कागदं बघतो" म्हणून वर्गात गेले आणि दार लोटून घेतलं. हातात घंटा वाजवायची हातोडी होती. आता सगळं धरतीवरच सोडण्यात अर्थ नव्हता. तिला थोडा हातभार लावायला काय हरकत होती? इतकी वर्षं तिची बाजू वर्गात मांडली होती. खिडकीजवळची चौथी काच त्यांनी निवडली आणि अलगद ठोका दिला. टिक. मधोमध तुटली.

समाधान काही पुरते दहा सेकंदही टिकलं नाही. जमिनीखाली सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला, फरशी पायाखालून खेचली गेली, आणि दाराशेजारचं लोखंडी कपाट आडवं झालं. दार आत उघडणारं. कपाटाचं एक टोक दारावर, दुसरं भिंतीच्या कोपऱ्यात रुतलेलं, आणि पोटात वीस वर्षांची दप्तरं. गुरुजींनी खांदा लावून पाहिला. जी दप्तरं त्यांनी मन लावून भरली होती, ती आता बोटभरही हलेनात.

खिडकीला गज. मोबाईल चार्जिंगला जानीच्या घरी. बाहेर पोरांचा गलका मैदानाकडे धावत गेला आणि एकदम शांत झाला. ती कवायत गुरुजींनीच शिकवलेली. धक्का बसला की मैदानात. शिट्टी वाजल्याशिवाय कुणी बोलावलं तरी आत पाऊल टाकायचं नाही, आणि वाजली की धावत वर्गात. त्यांनी दोन हाका मारल्या. मैदान लांब होतं. वरून माती गळत होती.

शिट्टी गळ्यातच होती. ती ओठांत धरली, छाती भरून घेतली, आणि मग गुरुजी थबकले. पहिलीतली चिमी आठवली. शिट्टी ऐकून सगळ्यांत आधी धावणारी तीच. तिच्यामागे उरलेली बावीस. सगळी थेट या भिंतीखाली. आपण शिकवलेलं पोरांनी विसरावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पण ही पोरं विसरणारी नव्हती.

त्यांनी शिट्टी ओठांतून काढली, गळ्यातली दोरीही उतरवली आणि ती खिशात कोंबली. मग टेबलाखाली शिरून गुडघे छातीशी घेतले.

दुसरा धक्का आला. गुरुजींच्या डोळ्यांसमोर भेग खिडकीच्या चौकटीपर्यंत फाटत गेली. टिक. टिक. टिक. उरलेल्या तिन्ही काचा आपोआप तुटल्या. पाच मिनिटं कळ काढली असती तर!

खिडकीत जानीचा चेहरा आला.

"तेवीस मोजली. चोविसावे तुम्हीच कमी निघालात."

"मागं व्हा, जानीबाय! भिंत येईल अंगावर. पोरं?"

"चौथीतल्या शुक्रीपाशी बसवलीत. एकही हलणार नाही. पण भिंत पडणार म्हणता, मग तुम्ही आत कशाला? तिला सोबत म्हणून?" एवढं बोलून ती थांबली. टेबलाखाली गुरुजींजवळ हातोडी पडली होती. आणि काचा. तांदळातले खडे बघावेत तसं तिनं दोन्हीकडं पाहून घेतलं.

"घंटा वाजवत होता?"

गुरुजींनी हातोडी टेबलाच्या पायाआड सरकवली.

"काचेवर?"

उत्तराची वाट न बघता ती गेली आणि घरून पहार घेऊन आली. गडी माणसं डहाणूच्या चिकूवाड्यांत कामाला गेलेली, त्यामुळे पहारही तिनंच चालवली. भेगेनं चौकट आधीच सैल केली होती. तिसऱ्या हिसक्याला गजांसकट ती बाहेर आली आणि जानीच्या डाव्या पावलावर पडली. ती मटकन खाली बसली. गुरुजी खिडकीतून उतरले, तिला खांदा दिला आणि दोघं लंगडत मैदानात पोचले. त्या दिवशी शिट्टी वाजलीच नाही. पोरं तिथूनच घरी गेली.

सोमवारी शैलेश आला. चार तुटक्या काचा बघून खूष झाला, कारण त्याची युक्ती चालली होती. "चारही एकदमच गेल्या का, सर?"

गुरुजींनी जानीकडं पाहिलं. ती पाय पट्टीत बांधून ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"धक्क्यातच," गुरुजी म्हणाले.

इमारत बंद झाली. आठवड्यानं आदेशही आला. जवळ दुसरी शाळा नसल्यानं याच पाड्यावर पर्यायी जागेत वर्ग भरवावेत, शिक्षक तेच राहतील. पाड्यावर धड उभी जागा एकच निघाली, जानीची पडवी. कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं घर, धक्क्यात डोललं आणि परत जागेवर आलं. शेणाचं चार ठिकाणचं लिंपण तेवढं पडलं.

तेव्हापासून गुरुजी रोज तीच एसटी धरतात आणि जानीच्या दारात पाढे म्हणून घेतात. काच काय म्हणते, हे ती आता विचारत नाही. तिनं एकदा विचारावं आणि मोकळं करावं, म्हणून गुरुजी रोज वाट बघतात.

आता बेरीज. चार काचांपैकी तीन धरतीच्या खाती, एक गुरुजींच्या. त्यांचे तीन तास होते तिथंच राहिले. पोरांचा फळा गेला. शैलेशचा अहवाल वर पोचला. भारताचा तुकडा आपली तीन बोटं सरकला, त्याला कुणी काही विचारलं नाही. आणि कडेला नसलेल्या, कुणाशी भांडण नसलेल्या जानीच्या डाव्या पायाचा अंगठा कायमचा वाकडा झाला, पडवी शाळेला गेली, शिवाय तेवीस पोरांची खिचडी आता ती एका पायावर भार देऊन ढवळते.