अर्ध्या उंचीचा दोरा

"श्वास सोड गं. पोट आत ओढू नकोस, मला काही तुझा फोटो काढायचा नाहीये," म्हणत सिस्टरांनी पुन्हा एकदा दोरा तोफेच्या कमरेभोवती घातला. दोन टोकं काही जुळेनात. मध्ये चांगली पंजाभर फट राहिली.

तोफ म्हणजे मास्तरांची लेक. मैदानावर ती लोखंडी गोळा असा भिरकावायची, की टेप धरून उभी असलेली पोरं आधीच धूम ठोकायची. म्हणून सगळी शाळा तिला तोफच म्हणे. आणि मास्तर म्हणजे शाळेच्या कोपऱ्यावरचे शिंपी, निम्म्या शाळेचे गणवेश शिवणारे. आंतरशालेय स्पर्धेसाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. 'रक्त तपासायचंय, पोरीला उपाशीपोटी आणा,' असा निरोप आला, म्हणून बापलेक सकाळीच दवाखान्यात हजर झाले होते. एक शिक्का मारायला असा कितीसा वेळ लागतो? दुकान उघडायच्या आत परत!

"दोरा आखूड कापलाय तुम्ही," मास्तर म्हणाले.

"तिच्याच उंचीचा आहे. तुमच्या डोळ्यांदेखत डोक्यापासून टाचेपर्यंत मापला आणि मधोमध दुमडला. उंचीच्या निम्म्यात कंबर मावायला हवी. मावत नाहीये."

"पण माझी कंबर वाढलेलीच नाही!" तोफ उसळली. "हा स्कर्ट बघा, सिस्टर. आठवीपासून हाच घालते. वर्गातल्या बाकीच्यांचे दोन-दोन झाले. बाबा, सांग ना!"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काहीच नव्हतं.

दर सुट्टीत स्कर्ट धुऊन आला की ते कमरपट्टी उसवायचे, आत दुमडून राखलेली जादा कापडाची माया थोडी सोडायचे आणि वरून इस्त्री अशी फिरवायचे, की जुन्या शिवणीचा मागमूस राहू नये. माया संपली तेव्हा मागच्या बाजूला त्याच कापडाचा तुकडा जोडला होता. इतका बेमालूम, की दुसऱ्या शिंप्यालाही ओळखू येऊ नये.

"बाबा?"

"मी सैल करत आलोय," मास्तर कसेबसे म्हणाले.

"काय?"

"थोडाथोडा. दर सुट्टीत. मागे एकदा आरशापुढे रडली होतीस ना, हुक लागत नाही म्हणून. मला बघवलं नाही."

तोफेने कमरपट्टी उलटी करून पाहिली. तो तुकडा बोटाला लागला आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी सगळ्यांना सांगत फिरले, बाबा. अख्ख्या वर्गाला! पैजा लावल्या मी!"

सिस्टरांनी दोघांच्या मध्ये स्टूल सरकवलं, तिला बसवलं आणि वेणी बाजूला केली. मानेवर मागे काळसर, मखमली पट्टा होता.

"ते ऊन हो मैदानातलं," मास्तर घाईघाईने म्हणाले. "आणि नीट घासत नाही ही. रोज आईच्या शिव्या खाते."

"ती घासते, तिला बोलू नका. मळ नाही हा. शरीरात इन्सुलिन नीट काम करेनासं झालं, की कातडी अशी दिसू शकते. शाळेत रक्तदाब मोजला तेव्हा जास्त होता, आत्ताही जास्तच आहे."

"दाब? साखर?" मास्तरांचा आवाज चिरकला. "हे म्हाताऱ्यांचे आजार! शाळेत जाते अजून ती! आणि जाडी तरी कुठे आहे? मजबूत आहे माझी पोर!"

"मजबूत आहेच. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. आजार झालाय असं मी म्हणत नाही, धोका आहे म्हणते. कंबर, दाब, मान, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. रक्तातली साखर आणि चरबी बघू, मग डॉक्टर काय ते सांगतील. आत्ता हाती लागलंय तर वळवता येतं. शाळा सुटल्यावर खाते काय?"

मास्तरांच्या मशीनखाली रोज थंड पेयाची बाटली आणि बिस्किटांचा पुडा तयार असे. खेळून दमून येते बिचारी, म्हणून.

"म्हणजे मी खेळायचं नाही?" तोफेने एवढंच विचारलं. आवाजात तोफ कुठेच नव्हती.

"वा! मैदान सोडलंस तर शाळेत येऊन कान धरीन. दाखल्याचं डॉक्टर ठरवतील, पण हातपाय चालूच ठेवायचे." सिस्टर मास्तरांकडे वळल्या. "घरात कुणाला साखर, दाब?"

"छे! कुणालाच नाही."

"तपासलंय?"

"काही होत नसताना कोण तपासायला जातंय?"

"चपला काढा. भिंतीला टेकून उभे राहा."

"मी? अहो, दाखला तिचा..."

पण तोफेने दोऱ्याच्या रिळाचं टोक उचललं होतं. तिने ते बापाच्या टाळूवर धरलं, सिस्टरांनी दोरा टाचेशी कापला, दुमडला आणि पोटाभोवती फिरवला. मास्तरांच्या पोटावर तर दोन्ही टोकांनी एकमेकांची आशाच सोडली. ते वाकून चपला शोधू लागले, तेव्हा कॉलर मागे सरकली.

"बाबा," तोफ हळूच म्हणाली. "तुझ्या मानेवरही आहे."

मास्तरांचा हात मानेकडे गेला आणि तिथेच राहिला. आपल्या पाठीमागचं माणसाला कधी दिसतं का? त्यांनी बोटांनी ती जाडसर जागा पुन्हापुन्हा चाचपली.

"सकाळपासून काही खाल्लंत?" सिस्टरांनी विचारलं.

"ही उपाशी असताना मी कसा खाईन?"

"मग बसा, तुमचंही रक्त घेते. बाही वर करा."

मास्तर बसले. बाहीचं बटण त्यांना काही केल्या काढता येईना. तोफ अजून त्यांच्याकडे बघत नव्हती. पण तिने हात पुढे करून ते बटण काढलं, बाहीच्या एकसारख्या घड्या घालत ती कोपराच्या वर नेली आणि आपला हातही त्यांच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला.