दोराले बाईचा हात

"नेम म्हंजे नेम," मनसाराम बोलला. "जाल ओढाच्या दिवशी घरटी एक जन दोराले पाह्यजे. नाई आला तं वर्सभराचा हिस्सा गेला. हेमराज येत नाई ना? मंग गोकुळेले मासा नाई."

मारोतीच्या देवळासमोर बैठक बसली होती, आन् आमच्या मच्छीमार सोसायटीचा हा अध्यक्ष खर्रा चघळत न्याय सांगून राह्यला होता. मी गुणाबाई, वारलूची बायको, गोकुळाची शेजारीन. सारं डोळ्यानं पाह्यलं म्हनून सांगतो. मले गोड बोलता येत नाई, आन् मनसारामबद्दल तं येतच नाई.

हेमराज गोकुळाचा एकुलता एक. बाप काविळीनं गेला तवापासून दोराले तोच उभा राहे. यंदा त्याले वरोऱ्याले सरकारी टरेनिंगमधी सीट भेटली, वायरिंगच्या कामाची. फी, राहनं, दोन टाईमचं जेवन, सारं स्कालरशिपमधी. फारम मनसारामच्या पोरानं, निकेशनं बी भरलं होतं, त्याचा नंबर नाई लागला. तिथूनच मनसारामच्या पोटात दुखाले लागलं. साऱ्या गावात तो हेमराजले "सरकारचा जावई" म्हनत फिरे. आन् दरसाल जेठात निंघनारं जाल यंदा वैशाखातच काढतो म्हने, नेमकं हेमराजची परीक्षा ज्या हप्त्यात त्याच हप्त्यात. परीक्षा सोडली का सीट गेली, आन् गेलेली सीट परत येत नाई, हे त्याले चांगलं मालूम होतं.

"तलाव आटून राह्यला. मासा मरन," तो म्हने.

"तलाव दरसालच आटते, मनसारामभाऊ," गोकुळा बोलली. "यंदाच काऊन तुमच्या जिवाले लागला?"

"पान्यात राहून माशासी वैर नोको करू, गोकुळे."

सारे माना खाली घालून बसले. माहा नवरा बी. घरी आल्यावर मी त्याच्या ताटात भात आपटला. "तुमाले जीभ आहे का नाई, अजी?" तं म्हने, "अध्यक्ष आहे तो. त्याच्या तोंडी कोन लागन?"

जालाच्या दिवशी सकारीच असं ऊन, का मातीवर पाय ठेवला तं चटका बसे. पानी अर्ध्यावर आलं होतं, काठाचा चिखल भेगा पडून फाटला होता. मानसं दोर उकलून राह्यले होते आन् आमी बाया टोपले घेऊन तलावाच्या पाळीवर बसलो होतो. मनसाराम कंबर दुखते म्हनून काठावरून हुकूम सोडे, त्याच्या घरचा दोर निकेश धरे. आमच्या इथची रीतच तशी. जाल मानसाचं, बजार बाईचा. तो मासा काढते, ती डोक्यावर नेऊन विकते.

तेवढ्यात पाठीवर बॅग घेऊन हेमराज आला. निकेशनं फोन करून त्याले चिडवलं होतं, का तुही माय आता भीक मागन. गोकुळानं पोराले पाह्यलं आन् तिचं डोस्कंच फिरलं.

"काऊन आला?"

"माय, हिस्सा जाईन ना."

"जाऊ दे चुलीत. पेपर कवा आहे तुहा?"

"उद्या सकारी."

"मंग इथी का तुहा मेलेला बाप पेपर घेनार आहे? जाय पह्यले. फाट्यावर गाडी भेटन."

"आन् दोर कोन धरन?"

"मी मेली का?"

पोरगं रडवेलं होऊन तिथीच उभं. तिनं ढेकूल उचललं. मारलंच असतं तिनं, तिचा काई भरोसा नाई. तवा गेला तो. मंग गोकुळानं पातळ खोचलं, चिखलात उतरली आन् दोराले हात घातला.

"ए, सोड," मनसाराम धावला. "बाईचा हात जालाले लागला तं मासा येत नाई."

"नेम तुमचाच ना, घरटी एक जन? मी का घरची म्हैस आहो?"

त्यानं दोर हिसकला. गोकुळा तोंडावर चिखलात पडली. उचलाले कोनी गेलं नाई, हसले मात्र बरेच, निकेश साऱ्यात जोरानं. ती उठली, तोंड पुसलं आन् आमच्यात येऊन बसली. ते पाहून माह्या अंगाची आग आग झाली.

जाल निंघालं. रोहू, कतला, मोठा ढीग पडला. मनसाराम म्हने, "चला बायाहो, भरा टोपले."

मी टोपलं पालथं केलं आन् त्याच्यावर बसलो.

"काय झालं वो, गुणाबाई?"

"बाईचा हात लागला तं मासा येत नाई म्हने. आलेला मासा परत गेला तं तुमाले केवढ्यात पडन? तुमीच न्या बाप्पा."

माह्या बाजूले वच्छला होती, मनसारामची सोताची बायको. तिनं बी नवऱ्याकडे न पाहता टोपलं पालथं केलं. मंग साऱ्याहीनं केलं. वारलू माह्याकडे डोळे काढून पाहे. मी बी पाह्यलं, तशी त्यानं मान फिरवली.

मानसं शिव्या देत आमची वाट पाहत राह्यले. पन वैशाखाच्या उन्हात मासा किती तग धरन? वास सुटाले लागला तवा टेम्पो बोलावून गोंडपिपरीच्या बजारले गेले. तिथी अध्यक्षसाहेब तराजूमागं बसले. एका बाईनं माशाचा कल्ला उघडून पाह्यला, नाकाले पदर लावला आन् भाव पाडून मागतला, तं ह्यानं तिलेच शिवी हासडली. तिनं सारा बजार त्याच्यावर गोळा केला. उरलेला मासा वापस आनून खड्ड्यात पुरला. हे वारलूनंच मले सांगतलं, जेवता जेवता, हळू आवाजात. मले हसू आलं, आन् मी हसलो.

दुसऱ्या दिवशी जालाचा दुसरा फेर होता. मनसाराम पान्याकडे पाहत बोलला, "गोकुळे, धर दोर."

तिनं धरला. तळहात सोलले तरी सोडला नाई. मासा बी आला, पह्यल्या दिवसापेक्षा जास्त. तिचा हिस्सा तिच्या टोपल्यात पडला, मंगच आमी बाया बजारले निंघालो.

पावसाच्या आधी हेमराजचा निकाल आला. पास. त्यानंतर एक दिवस आमी गोकुळाच्या अंगनात झिंगे निवडत बसलो होतो, मी आन् वच्छला बी, तं मनसाराम आला. उभ्या उभ्याच बोलला.

"नव्या बॅचचे फारम निंघाले म्हनते. हेमराज आमच्या निकेशचं भरून देईन का?"

मले वाटलं, आता गोकुळा ह्याले झाडूनं हाकलन. मी असतो तं हाकललंच असतं.

"देईन ना," गोकुळा झिंगे निवडता निवडता बोलली. "पोरगं आहे, शिको. पन निकेश वरोऱ्याले गेला तं तुमच्या घरचा दोर कोन धरन? तुमाले तं कंबरेचं दुखनं."

मनसारामनं खर्रा ह्या गालातून त्या गालात सरकवला. इचार कराले बी टाईम नाई लागला त्याले.

"वच्छला धरन," तो बोलला.

वच्छला माह्या बाजूलेच बसली होती. तिच्याकडे त्यानं पाह्यलं बी नाई.