मी म्हणाले, ‘तुमचा संदेश मिळाला’

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे तुमच्या आजीएवढी नव्हे, पण आमच्यात अकरा वर्षं म्हणजे केस पिकायचं वय. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि गंमत बघा, ज्या दुकानासाठी माझा जन्म झाला ते दुकान पायांचंच आहे.

आमचे मालक बूट बनवतात. साधे नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचं पाऊल वळलेलं असतं, कुणाची बोटं अपघातात गेलेली असतात. अशा माणसांसाठी ते बूट बनवतात. त्यामुळे आमच्याकडच्या जोडीतले दोन बूट कधी एकसारखे नसतात. भिंतीवरच्या फळ्यांवर पायांच्या आकाराचे लाकडी ठोकळे मांडलेले आहेत. प्रत्येकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. त्यांच्याखाली बसून उस्ताद शिवणकाम करायचे. उस्ताद म्हणजे मालकांचे कारागीर. बावीस वर्षं ते त्याच स्टुलावर बसले. समोरच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. मालकांच्या बायको, म्हणजे काकू, दुकान उघडलं की मला त्याच्या पडद्यावर उघडून ठेवत. म्हणून दुकानातलं सगळं मला दिसायचं आणि ऐकूही यायचं.

मला जन्म दिला मालकांच्या पुतणीने, कॉलेजच्या सुट्टीत. तिने जमेल तसं केलं. गुलाबी रंगावर हिरवी अक्षरं, आणि मधोमध एक लालभडक फोन नंबर, सारखा उघडमीट करणारा. बँडवाल्याच्या कोटासारखी दिसायचे मी! पण लोक तो नंबर बघून फोन करायचे. मालक बुटाला सरस लावता लावता कान आणि खांदा यांच्यात फोन धरायचे, आणि सरस गालाला लागायचा.

माझं कौतुक झालं ते पहिली दोन-तीन वर्षं. मग कुणी माझ्याकडे बघेना. फोटो जुने झाले, अर्धे उघडायचेच बंद झाले. मोबाइलवर तर माझी अक्षरं मुंग्यांएवढी दिसायची. एक दिवस काकू म्हणाल्या, “अहो, आता फारसं कुणी फोन करत नाही. लोक लिहितात. आपली वेबसाइट बघून लोकांना वाटत असेल, दुकान कधीच बंद पडलं.”

“बूट चांगले आहेत ना? मग झालं,” मालक म्हणाले.

“बूट चांगले आहेत हे कळायला आधी माणूस आत यायला हवा!”

काकूंपुढे मालकांचं काही चालत नाही. त्यांनी एका डिझायनरबाईंना बोलावलं. त्या कुठल्या कंपनीत नव्हत्या. घरूनच एकट्या कामं घ्यायच्या. बाई मन लावून काम करणाऱ्या. एक अख्खी दुपार त्या उस्तादांच्या शेजारी बसल्या. टाच कशी चढवतात, आतली गादी कशी कापतात ते बघितलं, उस्तादांच्या हातांचे फोटो काढले. उस्ताद लाजून म्हणाले, “बाई, चेहरा नको हं. हात घ्या, ते तरी कामाचे आहेत.”

आणि मग त्यांनी मला नवं रूप दिलं. पांढरीशुभ्र, मोकळी, समोर उस्तादांचे ते हात. शेजारचा घड्याळवाला मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, “आता हे दुकान वाटतंय!” मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

फोन नंबर मात्र मालकांनीच काढायला लावला. “हात सरसाने भरलेले असतात, त्यात तो वाजतो. लोक लिहितात ना? लिहू देत.” म्हणून बाईंनी एक चौकट केली. नाव, गाव, आपला फोन नंबर आणि पायाची अडचण लिहायची. बटण दाबलं की मी म्हणायचं, ‘तुमचा संदेश मिळाला. आम्ही लवकरच संपर्क करू.’

“काका, हे संदेश कुठल्या ईमेलवर पाठवायचे?” बाईंनी विचारलं. “चाचणीपुरता सध्या माझाच टाकून ठेवलाय.”

मालकांच्या हातात अर्धा बूट होता. “काकूंना विचारून उद्या सांगतो,” ते म्हणाले.

तो उद्या काही उजाडला नाही. दुसऱ्याच दिवशी बाईंचे वडील जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि बाई त्यांच्या गावी निघून गेल्या. इकडे मालक विसरले. काकूंना वाटलं, ते काम झालंय.

मित्रांनो, माझे हाल तिथून सुरू झाले.

पाचव्या दिवशी पहिला संदेश आला. एका आईचा. ती दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब राहत होती. ‘माझी मुलगी सात वर्षांची आहे. डावा पाय आखूड आहे. शाळा सुरू व्हायच्या आत बूट मिळाले तर बरं होईल. तिला चालत शाळेत जायचंय.’ मी म्हणाले, ‘तुमचा संदेश मिळाला. आम्ही लवकरच संपर्क करू.’ आणि तो संदेश गेला बाईंच्या ईमेलमधल्या चाचणीच्या कप्प्यात. तो कप्पा कुणीच उघडत नव्हतं.

मालक माझ्यापासून दोन हातांवर बसलेले. उस्ताद हात पुसून पडद्याकडे बघायचे. “काही आलं का, मालक?” ते विचारायचे.

“नाही.”

आलं होतं हो! रोज येत होतं. पण मला तोंड होतं ते एकाच वाक्यापुरतं, आणि तेही गिऱ्हाइकापुढे उघडणारं.

तीन आठवड्यांनी त्या आईने पुन्हा लिहिलं. ‘मापं कशी घ्यायची ते सांगाल का? घरी टेप आहे.’ मी तेच म्हणाले. मग तिसरा संदेश. ‘आमचं काही चुकलं का? रागावला असाल तर माफ करा.’ मी पुन्हा तेच म्हणाले. चौथ्या वेळी तिने लिहिलं, ‘शाळा सुरू झाली. असू दे.’ त्यालाही मी उत्तर दिलं, ‘आम्ही लवकरच संपर्क करू.’ त्या वाक्याची मला इतकी लाज वाटली, पण ते अडवायचं माझ्या हातात नव्हतं.

दुकानात काम आटलं. गावातली दोन-चार जुनी गिऱ्हाइकं तेवढी यायची. मालक-काकूंचं पटेनासं झालं. “नटवून ठेवलीस तिला, आणि एक माणूस फिरकत नाही,” मालक म्हणायचे. काकू माझ्या पडद्यावरची धूळ पुसत राहायच्या. एका संध्याकाळी मालक म्हणाले, “उस्ताद, तुम्हाला बसवून ठेवायची मला लाज वाटते. दुसरीकडे कुठे बघता का?” उस्तादांनी आपली आरी आणि सुया कापडात गुंडाळल्या. “बूट वाईट होते का हो आपले?” एवढंच त्यांनी विचारलं. त्या क्षणी चाचणीच्या कप्प्यात एकोणचाळीस संदेश होते. मी तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, उस्तादांच्याच हातांचा फोटो मिरवत उभी होते.

आणखी दहा दिवसांनी डिझायनरबाई दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. वडील हिंडूफिरू लागले, त्या परत आल्या आणि कामं आवरताना त्यांनी तो कप्पा उघडला. फोन न करता त्या तशाच निघून आल्या. हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता.

“काका, चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “हे सगळे तुमच्यासाठी आले होते.”

मालकांनी कागद घेतले. काकूंनी एकेक मोठ्याने वाचला. त्या आईचा चौथा संदेश त्यांनी दोनदा वाचला. मग मालक म्हणाले, “ईमेलचा पत्ता माझ्याकडूनच द्यायचा राहिला, बाई. तुम्ही विचारलं होतं.” काकूंकडे मात्र त्यांना बघवेना.

बाईंनी तिथेच बसून ईमेल बदलला, फोन नंबरही परत लावला. मालकांनी आधी त्या आईला फोन केला.

“बूट आम्ही बाजारातून घेतले,” ती म्हणाली. “आत कापड भरलं. ती पडली दोनदा. आता शाळेत तिला उचलून नेते मी.”

“मापं घ्यायला मी येतो,” मालक म्हणाले.

“इतक्या लांब?”

“हो. माझ्याच्याने तेवढं तरी होईल.”

ते गेले, आणि बूट त्यांनी एकट्याने शिवले. उस्ताद तोवर एका खोक्यांच्या कारखान्यात लागले होते. मालक त्यांना बोलवायला गेले, तेव्हा ते म्हणाले, “मालक, तिथे मी शब्द देऊन बसलोय. आणि आता हातही तेवढा चालत नाही.” त्या गठ्ठ्यात एकोणपन्नास संदेश होते, पण ते लिहिणाऱ्यांपैकी अकरा जणच परत आले. बाकीच्यांनी फोन उचलले नाहीत, किंवा ‘आता नको’ म्हणाले. त्यांचे पाय आज कसल्या बुटांत आहेत, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरच्या कुणाचं दुकान असेल, वेबसाइट असेल. तिला नटवा, हवं तर मोडून नव्याने बांधा, आमची तक्रार नाही. पण एकदा तुम्हीच गिऱ्हाईक व्हा, चौकटीत चार ओळी लिहा, आणि त्या कुणाच्या हातात पडतात ते बघा. आमच्या तोंडी वचन घालणं सोपं आहे, पण ते पाळायला माणूसच लागतो.

हे तुम्हाला सांगत असतानाच एक संदेश आलाय. एका आजोबांचा, उजव्या पायाची तीन बोटं नाहीत. ‘तुमचा संदेश मिळाला’ असं मी म्हणून बसले आहे. काकू दारात घड्याळवाल्याशी बोलतायत, मालक चष्मा शोधतायत. काकूंना तो त्यांच्या कपाळावर दिसतोय, मलाही दिसतोय. काकू, सांगा ना हो त्यांना!